फोनच्या मागचा आवाज

त्या सिनेमात क्लिक फार होते, सगळी भानगड तिथूनच सुरू झाली, असं ती पुढे सांगायची. खरं तर भानगड आधीच सुरू झालेली होती. सिनेमामुळे तिचे कान तिकडे लागले, एवढंच.

ती म्हणजे आवाजवाली. हे नाव तिला बाजारातल्या दुकानदारांनी ठेवलेलं. कारण ही बाई कुठलीही वस्तू डोळ्यांनी बघून घेतच नसे. बूट घ्यायचे तर जमिनीवर आपटून, छत्री घ्यायची तर पुन्हा पुन्हा उघडून मिटून, आणि कोबी घ्यायचा तर कानाशी धरून पिळून. सिनेमातल्या गुंडाचा हात मोडतो तेव्हा तो गुंड घरी मजेत बसलेला असतो, मोडत असतो तो हिच्या हातातला कोबी. पडद्यावर कुणी चाललं, कुणी दार लावलं, कुणी कपडे बदलले, तरी आवाज हिचा. आणि काचेपलीकडे बसून तो आवाज टिपायचं काम तिच्या नवऱ्याचं. तो रेकॉर्डिस्ट.

एका इमारतीच्या तळघरात दोघांचा स्टुडिओ होता. भिंतींना जाड गालिचे ठोकलेले, एका कोपऱ्यात चौकटीसकट उभी केलेली तीन दारं, एका पेटीत वाळू, दुसरीत खडी, आणि बाकी सगळीकडे भंगार. भंगार म्हटलेलं मात्र तिला खपत नसे. लग्न झाल्यापासून दोघांनी एकत्र दुसरं काही केलंच नव्हतं. घर आणि काम यांच्यामध्ये भिंत नव्हती, एक काच तेवढी होती, आणि त्या काचेतून दिवसभर एकमेकांचं तोंड दिसायचं.

तर तो सिनेमा होता एका फोटोग्राफर बाईचा. दिग्दर्शक बाईंनी प्रत्येक प्रसंगाच्या सूचना इंग्रजीत पाठवल्या होत्या, आणि देव जाणे काय, पण त्यांना एकच क्रियापद आवडत असावं. कॅमेरा क्लिक होतो. कुलूप क्लिक होतं. नायिकेच्या टाचा फरशीवर क्लिक होतात. डॉक्टर रिपोर्ट बघून जीभ क्लिक करतो. नायक भेटतो तेव्हा दोघांचं क्लिक होतं. आणि शेवटच्या प्रसंगात नायिका खिडकीत बसलेली असते, हातात मिटलेला कॅमेरा असतो, आणि तिच्या डोक्यात सगळं क्लिक होतं. इथेही बाईंना आवाज हवा होता. "मऊ, पण कळेल असा," असं त्यांनी बजावलं होतं.

"या इंग्रजांना दुसरा शब्द मिळाला नाही का हो?" आवाजवाली म्हणाली. "आपल्याकडे दाराला खट् आहे, पेनाला टिक् आहे, जिभेला च्च आहे. यांनी सगळ्यांना एकाच पिशवीत कोंबलंय."

नवरा तिच्याकडे बघून हसला. नुसता हसला. पूर्वी अशा बोलण्यावर त्याने तिची दोन वाक्यं तिलाच परत केली असती. दोघांची जुगलबंदी चालायची आणि चहा गार व्हायचा. हल्ली चहा गरमच प्यायला मिळत होता, आणि तिला तो गोड लागत नव्हता.

दिवसभर क्लिक करून करून तिच्या कानाला वेगळीच धार चढली. लिफ्टचं बटण, शेजारणीची पर्स, बसमधल्या माणसाचा लायटर, कुठे काही वाजलं की कान टवकारलेच. अशातच एका संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला.

आठवड्यातून दोनदा तो काम लवकर आवरून "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून निघायचा. परत येताना फोन करायचा. "निघालोय. काही आणायचं का?" इतकंच. त्या दिवशी तिने फोन उचलला, आणि त्याच्या हॅलोच्या आधी तिला आवाज आला. टक्. बारीक, कोरडा, नीट बंद झालेल्या वस्तूचा.

"कुठे आहात?" तिने विचारलं.

"कुठे म्हणजे? रस्त्यावर. निघालोय. काही आणायचं का?"

"काही नको," ती म्हणाली. फोन ठेवला, आणि तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

रस्त्यावर तो नव्हता. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. रस्त्यावरच्या माणसाच्या आवाजाला हवा लागते, मागे गाड्या असतात, कुणाचं तरी कुत्रं असतं. नवऱ्याच्या आवाजाच्या मागे काहीच नव्हतं. साध्या खोलीत भिंतीसुद्धा थोडं परत बोलतात, इथल्या भिंती मुक्या होत्या. म्हणजे जाड पडदे. खाली गालिचा. कदाचित गादी. कुठल्या खोलीत पडदे, गालिचा आणि गादी असते, याचा विचार तिने केला आणि तो तिथेच थांबवला.

पुढच्या वेळीही तेच. आधी टक्, मग हॅलो, मग मुक्या भिंती आणि "निघालोय". त्याच्या पुढच्या वेळीही.

तिने थोरल्या बहिणीला सांगितलं. ताई म्हणजे असल्या बातमीसाठी बाराही महिने उपाशी.

"मला आधीच वाटलं होतं, काहीतरी काळंबेरं आहे," ताई म्हणाली.

"तुला काय वाटलं होतं? तुला माहीत तरी होतं का?"

"माहीत कशाला हवं? परवा जेवायला आला होतात तेव्हा बघितलं ना मी. तू बोलत होतीस आणि तुझ्या तोंडाकडे टक लावून बसला होता. अगं, पन्नाशी उलटलेला पुरुष स्वतःच्या बायकोकडे असा बघतो का कधी? पाणी कुठेतरी मुरतंय, मी सांगते तुला."

हे आवाजवालीच्याही लक्षात आलं होतं, पण तिने ते कौतुकाच्या खात्यात टाकलं होतं. ताईने ते तिथून उचलून दुसऱ्या खात्यात टाकलं. मग एकेक गोष्ट आपणहून तिकडे चालत गेली. जेवायच्या टेबलावर तो इतकी वर्षं तिच्या डावीकडे बसायचा, तो हल्ली जागा बदलून उजवीकडे बसायला लागला होता. विचारलं तर म्हणाला, "तिकडे उजेड डोळ्यावर येतो." फोन कायम थरथरता ठेवायचा, रिंग वाजू द्यायचा नाही. का? तर कुणाचा आला ते कळायला नको. स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ द्यायचा नाही, आणि ती बाहेर येऊन समोर उभी राहिली की दचकायचा. मन इथे असलेला माणूस दचकतो का? तिला तर तो रिकाम्या घरासारखा वाटायला लागला होता, दिवा चालू आणि आत कुणी नाही.

खिसे तपासणाऱ्या बायकांना ती आजवर हसत आली होती. आताही खिशात हात घालणं तिला हलकंच वाटत होतं. कान लावण्याची मात्र तिला मुळीच लाज वाटली नाही, तो तर तिचा धंदाच होता. नवरा पाय मोकळे करायला गेला की ती स्टुडिओत दार लावून बसायची आणि भंगारातून तो टक् शोधायची.

पर्सचं कुलूप लावून बघितलं, ते जाड वाजलं. लिपस्टिकचं टोपण लावून बघितलं, आणि तो आवाज नाही म्हटल्यावर जिवात जीव आला. चष्म्याचं घर, गोळ्यांचा डबा, पावडरची डबी, बॅगेचं बक्कल, सगळं झालं. यातलं काहीच नाही. फोनवरचा आवाज लहान वस्तूचा होता, झाकणाला बिजागर होतं, आणि झाकण शेवटी आपोआप ओढलं जात होतं, म्हणजे आत लोहचुंबक असणार. तिच्या कपाटात तसली एकच वस्तू होती. तिने ती बाहेर काढली, झाकण सोडलं, आणि तोच आवाज आला.

ती अंगठीची डबी होती.

"एकच अंगठी रोज रोज दाखवायला नेतो की काय?" ताईने फोनवर विचारलं.

"दाखवायला नाही गं," आवाजवाली म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "डबी निघताना वाजते, ताई. कुठलीही वस्तू माणूस निघताना डबीत का ठेवेल? उलट आहे ते. तिथे गेला की बोटातली अंगठी काढून डबीत ठेवत असणार. निघताना घालतो, रिकामी डबी मिटतो, आणि मला विचारतो काही आणायचं का."

ताईसुद्धा यावर "अगं बाई" एवढंच म्हणाली. ताई एवढ्यावर थांबते म्हणजे प्रकरण गंभीर.

त्या दिवसापासून आवाजवालीचा डोळा नवऱ्याच्या बोटावर. अंगठी जागच्या जागी असायची. पण थोडी फिरलेली असायची का? सैल झाली होती का? "अंगठी ढिली झाली वाटतं," ती एकदा भांडी घासता घासता म्हणाली. तो पाठमोरा उभा होता. त्याने उत्तर दिलं नाही. इतक्या सहज तिला कानामागे टाकलं म्हणून तिने ताट असं आपटलं की त्याने मान वळवली आणि विचारलं, "पडलं काय?"

तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. तिच्या रागाचं एक कारण असं की हा माणूस तिला इतकी मूर्ख समजत होता. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याने डबी वाजवली असती तर समजू शकतो. हा स्वतः आवाजातला माणूस. आपली बायको फोनवरून खोलीचे पडदे मोजते, हे याला ठाऊक. मग निदान डबी तरी खिशात धरून मिटावी! तेवढीसुद्धा काळजी घ्यावीशी वाटू नये? म्हणजे कळलं तरी चालेल अशी वेळ आली असणार. कदाचित कळावं म्हणूनच वाजवत असेल.

दिग्दर्शक बाई मध्ये एकदा काम ऐकायला आल्या. त्यांनी अर्धा सिनेमा ऐकला आणि कानाशी हात नेला.

"सगळं छान आहे, पण क्लिक फार टोचतात हो. सुई लागल्यासारखं होतं. पहिल्या कॅमेऱ्यापासूनच."

"टोचत नाहीत," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "बरोबर आहेत."

"मी घरीही ऐकलं. तिथेही टोचले."

"मग तुमचे स्पीकर बदला."

आवाजवालीने मान खाली घातली. असं उर्मट बोलणं त्याच्या रक्तात नव्हतं. बाईंचं म्हणणं बरोबर होतं, हे तिच्या कानांना कळत होतं. क्लिक नको इतके वर चढले होते, पंचवीस वर्षांत त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं. तरी ती नवऱ्याच्या बाजूने बोलली, म्हणाली की अख्खा सिनेमा जुळला की ते बसतील. परक्यासमोर त्याला उघडं पाडणं तिला जमलं नाही. बाई गेल्या, आणि ती मनात म्हणाली, ज्याचं चित्त दुसऱ्या खोलीत, त्याचे हात इथे काय काम करणार.

तिने ठरवलं, शेवटचा प्रसंग झाला की सरळ विचारायचं. आधी विचारलं आणि तो हो म्हणाला, तर कामही अडकेल. हो म्हणाला तर पुढे काय, हे तिला माहीत होतं. काचेपलीकडे तो नसेल तर तिने कुणासाठी कोबी मोडायचा? तो गेला तर घर जाईल, आणि घरासोबत हे तळघर, ती तीन दारं, ती वाळू, सगळंच जाईल.

शेवटचा प्रसंग आला. नायिका खिडकीत बसली. आवाजवालीने पुष्कळ विचार करून एक जुनी पर्स निवडली होती. तिचं कुलूप दोन बोटांत हळू दाबलं की लोण्यासारखं बसायचं. ती माइकपाशी उभी राहिली. काचेपलीकडे नवऱ्याने हेडफोन चढवले आणि हात वर केला.

पडद्यावर नायिकेने मान उचलली. आवाजवालीने पर्स दाबली. पण बोटांना घाम आला होता. कुलूप घसरलं. एक दांडी दुसरीच्या बाजूने निसटली आणि पर्स उघडीच राहिली. आवाज आला नाही. तिची बाही तेवढी माइकसमोर हलली.

सॉरी म्हणायला तिने तोंड उघडलं, तोच नवऱ्याने काचेतून अंगठा दाखवला.

"ओके," त्याचा आवाज आला. "सुंदर. मऊ आहे, पण कळतो."

ती तशीच उभी राहिली. तिला वाटलं, चेष्टा करतोय. पूर्वीसारखी जुगलबंदी सुरू करतोय. पण त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, सुटका होती. त्याच्यासमोरच्या पडद्यावर बाहीच्या हालचालीची बारीक रेघ उमटली असणार आणि तो तिच्याकडे समाधानाने बघत होता.

"एकदा परत घेऊ या," ती म्हणाली.

या वेळी तिने पर्स दाबलीच नाही. नुसते हात जवळ नेले, बाही हलवली, मान डोलावली.

"हा तर त्याच्याहून चांगला," नवरा म्हणाला.

ती दार उघडून बाहेर आली. तो हेडफोन गळ्यात घालून पडद्याकडे तोंड करून काहीतरी लिहीत होता. ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि डॉक्टरच्या प्रसंगात केलं होतं तसं जिभेने च्च केलं. तो लिहीत राहिला. तिने चुटकी वाजवली. पेनाचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, त्याच्या उजव्या कानाला अगदी लागून दाबलं. त्याने पान उलटलं.

मग आयुष्यात पहिल्यांदा तिने नवऱ्याच्या खिशात हात घातला. त्याचा कोट खुंटीला होता. आतल्या खिशात डबी सापडली, अंगठीच्या डबीपेक्षा जराशी चपटी. आत कापसावर एक कातडीच्या रंगाची वस्तू होती, शेंगदाण्याएवढी, तिला केसासारखी पारदर्शक नळी. तिने झाकण सोडलं. टक्.

"हाच," ती मोठ्याने म्हणाली.

तेव्हा तो वळला. तिच्या हातातली डबी बघून त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला. त्याने गळ्यातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले, नीट, वायर गुंडाळून.

"कधीपासून?" तिने विचारलं. आता तीही त्याच्याकडे तोंड करून, सावकाश बोलली.

"वर्ष होत आलं. आधी पाखरं गेली. मला वाटलं, झाडं तोडली म्हणून पाखरंच कमी झाली. मग तुझा किल्ल्यांचा जुडगा गेला. तू दारात आलेली कळेना." तो थांबला. "शब्द ऐकू येतात गं. त्यांच्या कडा ऐकू येत नाहीत. उजवा जास्त गेलाय."

"आणि ते पाय मोकळे करणं?"

"दवाखान्यात जातो. ही वस्तू कानात घालून तिथे बसवतात, आवाज ऐकवतात. हा कसला, तो कसला. कान नव्याने शिकवावा लागतो म्हणे. पोरासारखा शिकतोय."

दवाखान्यातली कान तपासायची खोली! गालिचे ठोकलेली, मुक्या भिंतींची. अशाच खोलीत ती गेली पंचवीस वर्षं उभी होती, आणि तिला गादी सुचली होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"कुणाला सांगू? जिला मुंगी चाललेली कळते, तिला?" तो म्हणाला. "आणि बाहेर कळलं तर बहिऱ्या रेकॉर्डिस्टला काम कोण देणार? माझं जाईल तसं तुझंही जाईल."

"मला वाटलं, दुसरी बाई आहे."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "दुसरी बाई? अगं, इथे एकीचंच धड ऐकू येत नाही!"

ती हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. बाई नाही म्हणून तिला खरंच हायसं वाटलं होतं, आणि त्या हायसं वाटण्याचीच तिला लाज वाटली. हाकेला ओ न देणारा, दचकणारा, तिच्या तोंडाकडे टक लावून बघणारा हा माणूस वर्षभर तिचं बोलणं ओठांवरून वेचत होता, आणि ती त्याच्या अंगठीकडे बघत होती.

"पण तुला संशय कशाने आला?" त्याने विचारलं. "मी फार जपून होतो. फोनसुद्धा त्या खोलीत बसून करायचो, म्हणजे मागे दवाखान्याचं काही ऐकू जायला नको. आधी हे कानातून काढून डबीत ठेवायचं, मग हॅलो. कधी चुकलो नाही."

"या डबीने आला. फोन उचलला की आधी ही वाजायची."

त्याने तिच्या हातातून डबी घेतली. झाकण उघडलं, मिटलं. कानाजवळ नेऊन पुन्हा उघडलं, मिटलं. डाव्या कानाजवळ नेलं. झाकणावर बोट ठेवून बघितलं.

"याला आवाज आहे?" तो म्हणाला.

तिने होकारार्थी मान हलवली.

त्याने ती शेंगदाण्याएवढी वस्तू कापसावरून उचलली. तिच्यासमोर घालायची त्याला सवय नव्हती, बोटं अडखळली. तिने पुढे होऊन त्याचे केस कानामागे धरले. वस्तू बसली. मग रिकामी डबी त्याने तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "आता कर."

तिने झाकण सोडलं. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

"टोचतो गं," तो म्हणाला.

मग तो खुर्चीत बसला, तिला शेजारी डावीकडे बसवलं, आणि सिनेमा सुरुवातीपासून लावला. पडद्यावर नायिकेने कॅमेरा डोळ्याला लावला. पहिल्याच क्लिकला त्याचा चेहरा कसनुसा झाला. त्याने सिनेमा थांबवला.

"बाईंना फोन लाव," तो म्हणाला. "म्हणावं, स्पीकर बदलू नका."